नट दिलाय

४ फेब्रुवारी, मंगळवार

हिचं म्हणणं, गाडीचं जे काय असेल ते वहीत लिहा, मला सांगू नका, ऐकून ऐकून माझे कान किटले. म्हणून ही वही. आता वहीचे कान किटू देत.

तर वहीबाई, ओळख करून घ्या. मी मास्तर. शाळेतला नव्हे, मागावरचा. कापडाच्या कारखान्यात मागखात्यात जन्म गेला. सगळे माग एकदम धडधडत असताना त्यातला कुठला आजारी आहे, ते मी दारात उभा राहून सांगायचो. नुसतं कानाने. साहेब म्हणायचे, मास्तर, तुमच्या कानाचा विमा उतरवायला हवा. पुढे कारखाना बंद पडला. कान माझ्याकडेच राहिला.

आणि ही गाडी. लांब पल्ल्याची, जोड सिलिंडरची, पुढे वारा अडवायला काच, मागे दोन्ही अंगांना पेट्या, सीट तर दिवाणासारखी. भंगारवाल्याकडे तिच्यावर कोंबड्या बसत होत्या. मी घरी आणली तेव्हा हिने एकदाच पाहिलं आणि म्हणाली, हे धूड कशाला? तेच नाव पडलं. वर्ष होत आलं, मी आणि धूड मागच्या शेडमध्ये सुखात आहोत.

आजची मोठी बातमी. जेवताना हिला समोरासमोर विचारलं, एप्रिलमध्ये धुडावर बसून घाट ओलांडून समुद्रावर जायचं, येणार का? हिने समुद्र पाहिलेला नाही. माझी कधी रजाच व्हायची नाही. बराच वेळ ताटाकडे बघत राहिली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "येईन. पण एक अट. मी थांबा म्हटलं की थांबायचं. का, कशाला, विचारायचं नाही."

मी म्हटलं, एवढंच? तुझा शब्द खाली पडू देणार नाही.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

टॅपेट लावले. वहीबाई, टॅपेट म्हणजे इंजिनाच्या डोक्यातल्या झडपा उघडणारे दांडे. त्यांच्यात केसाएवढी फट ठेवावी लागते. जास्त झाली की टकटक वाजतात, कमी झाली की झडप जळते. गल्लीच्या टोकाला लेथवाला आहे, त्याला सगळे दाढी म्हणतात. त्याने मापाची पट्टी देऊ केली होती. मी म्हटलं, पट्टी तुला लखलाभ, मी कानाने लावतो. तो काहीतरी पुटपुटला. हल्लीची पोरं तोंडातल्या तोंडात बोलतात.

आणि काय सांगू! सुरू केलं तर इंजिन नुसतं खालच्या सुरात घुमतंय, वर एक टकटक नाही. इतकं मऊ चालणारं इंजिन मी जन्मात ऐकलं नाही. डोळ्यांत पाणी आलं माझ्या, खोटं कशाला बोलू.

ही शेडच्या दारात येऊन उभी राहिली. मी इंजिनाला कान लावून होतो. काहीतरी बोलली. मी म्हटलं, हो हो. तरी थोडा वेळ उभी होती, मग गेली. परवाही असंच झालं. बाईमाणसाला शेडमध्ये यायला निमित्त लागत नाही, पण बोलायला काहीतरी लागतं.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

दाराची बेल परत बिघडली. नवी आणून बसवली होती, ती पण फुसकी. धुडाच्या काचेचं पार्सल घेऊन आलेला माणूस म्हणे तीनदा बेल वाजवून परत गेला. ही बाजारात गेली होती, मी पुढच्या खोलीतच बसलो होतो. बेल वाजली असती तर मी काय बसून राहिलो असतो? मी बेल काढून बघितली, जोडण्या ठीक आहेत. कंपन्यांना लाज राहिलेली नाही.

ही आल्यावर त्यावरून वाद. आता घरात माणसं दोन, खोल्या तीन, पण हिचं बोलणं असं की पलीकडच्या रस्त्यावरचा माणूस वळून बघेल. कानीकपाळी ओरडते नुसती. मी शांतपणे म्हटलं, हळू बोल, मी काही बहिरा नाही. त्यावर ही इतकी हसली, की ते हसणं मला आवडलं नाही.

लेकीचा फोन आला होता. तीही शब्द गिळते. दिवसभर ऑफिसात संगणकासमोर बसून बोलण्याची सवय गेली असेल. मी आपलं "छान, छान" म्हणत राहिलो. शेवटी हिने फोन ओढून घेतला. नंतर कळलं, लेक सांगत होती की तिची नोकरी गेली. आता हे असं गुळमुळीत सांगायची गोष्ट आहे का? माणसाने नीट बोलावं. मी "छान" म्हणालो. मला फार वाईट वाटलं.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

हिने सकाळी चहा पुढ्यात ठेवला आणि म्हणाली, "तुम्ही ऐकत नाही हो."

मी म्हटलं, आता काय नाही ऐकलं? परवा दिवा बदल म्हणालीस, बदलला. म्हणाली, "तसं नाही. ऐकत नाही." मी म्हटलं, यादी दे, एकेक ऐकतो. तिने कपाळावर हात मारला. लग्न झाल्यापासून प्रत्येक बायको हेच म्हणते, यात नवीन काय?

मागच्या चाकाचं बेअरिंग गेलंय. हाताने फिरवलं तर खडखड बोटांना लागते. ऐकू मात्र आली नाही, म्हणजे सुरुवातच असणार, वेळेवर सापडलं. धूड ढकलत दाढीकडे नेलं. गल्लीतच आहे, पण दम लागला.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

धूड आणलं. दाढीने बेअरिंग बदललं, चाक बसवून ठेवलं. त्याचं काम चोख आहे, बोलण्याचं तेवढं बघायला हवं. मी गेलो तेव्हा लेथ चालू, दोन गिऱ्हाइकं उभी, आणि हा खाली मान घालून काम करता करता सांगतोय, "मास्तर, मागचा नट दिलाय." मी म्हटलं, बरं. परत म्हणाला, "नट दिलाय, चेन तुमच्या हाताने बघा आणि मग." पुढचं लेथने खाल्लं. निघताना पुन्हा, "दिलाय बरं का, विसरू नका."

अरे, दिलायस तर उपकार केलेस? नट न देता चाक देणार होतास का? त्याच्या बापाच्या वेळी असं नव्हतं, काम करायचे आणि गप्प बसायचे.

धूड ढकलत घरी आणलं. चेन बोटाने दाबून बघितली, हवी तेवढीच ढिली होती. मग हात लावला नाही. चांगल्या कामात बोट घालू नये.

२२ फेब्रुवारी, शनिवार

आज हिला घेऊन गावात फेरी!

हेल्मेट घालून बसली तेव्हा जरा थरथरत होती. मी म्हटलं, काळजी नको, इंजिन बघ कसं मुकं चालतंय. बाजारातून गेलो, नदीवरचा पूल, तिथून वळून परत. लोक थांबून बघत होते. पुलावर दोघंतिघं हात हलवत होते, एक जण तर धावत पुढे आला. मीही हात हलवला. जुनी गाडी रस्त्यावर आली की लोकांचं प्रेम उतू जातं. एक ट्रक मात्र अगदी खेटून पुढे गेला, हॉर्न नाही की काही नाही. वर त्यातला ड्रायव्हर माझ्याकडेच डोळे वटारतोय. चोराच्या उलट्या बोंबा.

ही माझ्या शर्टाला दोन्ही मुठींनी घट्ट धरून बसली होती. किती वर्षांनी अशी धरून बसली! मधे पाठीवर बुक्क्यासुद्धा मारत होती, लाडाने. मला इतका आनंद झाला की आणखी एक वळसा घेतला.

घरी उतरल्यावर हेल्मेट काढून माझ्याकडे नुसती बघत राहिली. ओठ हलले. मी म्हटलं, आवडलं ना? तर आत गेली आणि अंथरुणावर पडली. जेवली नाही. दमली असेल, सवय राहिलेली नाही. भांडी मीच घासली.

उद्या घाटाच्या पहिल्या वळणांपर्यंत जाऊन येऊ असं ठरवलंय. संध्याकाळी ती ओट्याशी पाठमोरी उभी असताना विचारलं, उद्या येतेस ना? म्हणाली, येते. म्हणजे मला तसंच ऐकू आलं.

२३ फेब्रुवारी, रविवार

 

सकाळी मी हिची सीट पुसून, हेल्मेट घेऊन दारात उभा राहिलो. ही बराच वेळ माझ्याकडे बघत होती. मग बूट घातले. घाटाची चढण छान झाली. मागचं टोक थोडं हलल्यासारखं वाटलं, मी म्हटलं रस्ता उखडलाय. वरच्या वळणावरून परत फिरलो. उतारावर हिने परत शर्ट ओढायला सुरुवात केली. मी मनात म्हटलं, बाई खुलली. मग हेल्मेटवर धप्पकन काहीतरी बसलं. मग परत. दोन्ही हातांनी माझ्या डोक्यावर मारत होती. एका बाजूला कडा, एका बाजूला दरी, आणि हिला हे सुचतंय! मला असा राग आला. कडेला घेतलं, थांबवलं, उतरलो आणि म्हटलं, मरायचं आहे का आपल्याला दोघांना?

 ही दगडावर बसली आणि बोटाने मागचं चाक दाखवलं.

नट शेवटच्या आट्यावर लोंबत होता. चाकाचा आस अर्धा बाहेर. चाक तिरकं होऊन चेन कव्हराला घासत होती, कव्हर चिरलं होतं. पुढचं वळण, फार तर त्याच्या पुढचं. त्यानंतर काय, ते मी लिहीत नाही.

मी खाली बसलो. ही माझ्यासमोर आली, माझं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि एकेक शब्द वेगळा करून म्हणाली, "चढणीपासून वाजत होतं. खणखण. मी थांबा म्हणत होते. थांबा, थांबा, थांबा. काल पण. काल पुलापासून. माझा घसा बसला."

मी म्हटलं, तू नाही ओरडलीस. हवा होती, हेल्मेट होतं, पण ओरडली असतीस तर मला कळलंच असतं.

 वरून बस आली, हिने तिला हात केला आणि चढून बसली. मी आस ठोकून आत घातला, नट आवळला, आणि चालायच्या वेगाने घरी आलो. दाढीला उद्या बघतो. माझी बायको मागे बसली होती. त्याचा कान उपटल्याशिवाय मी पाणी पिणार नाही.

२४ फेब्रुवारी, सोमवार

गेलो. जाऊन उभा राहिलो आणि तोंडाला येईल ते बोललो. नट दिलाय म्हणालास, असा देतात? माझ्या घरातलं माणूस मेलं असतं. दुकानात तीच शुक्रवारची दोन गिऱ्हाइकं होती, तीही गोरीमोरी झाली.

दाढीने लेथ बंद केला. हात पुसले. माझ्या अगदी जवळ आला.

"मास्तर, दिलाय नाही म्हणालो. ढिलाय म्हणालो. नट ढिला आहे. चेन तुम्हाला तुमच्या हाताने ताणायची असते, म्हणून ढिला ठेवलाय, चेन बघा आणि मग आवळा. तीनदा सांगितलं. ढ. ढगातला ढ."

मी त्या दोघांकडे बघितलं. एकाने मान हलवली. दुसरा जमिनीकडे बघत होता.

मी म्हटलं, लेथ चालू होता. दाढी म्हणाला, हो, चालू होता, चूक माझीही आहे, बंद करून सांगायला हवं होतं. हे म्हणाला ते फार वाईट झालं. भांडला असता तर बरं झालं असतं. मग हळूच म्हणाला, शनिवारी धूड दारावरून गेलं तेव्हा मी म्हटलं होतं, टॅपेट फार वाजतायत, पट्टीने लावा. तुम्ही हसून हात केलात.

घरी आलो. ढ. शाळेत मागच्या बाकावरच्या पोराला म्हणायचे तो ढ. या वयात निघालो ढ.

२६ फेब्रुवारी, बुधवार

एक प्रयोग केला. ही बाजारात गेल्यावर दार उघडं ठेवून स्वतः बेल दाबली आणि आतली घंटा बोटांनी धरली. बोटांत गुदगुल्या झाल्या. घंटा थरथरत होती.

कानाला काही नाही.

परत परत दाबली. शेवटी समोरच्या घरातली बाई बाहेर आली आणि हातानेच विचारलं, काय झालं? मी म्हटलं, काही नाही, बेल दुरुस्त झाली.

कारखान्यातली सगळी वर्षं मी ज्या आवाजात उभा होतो, तो आवाज माझ्या कानातलं एकेक काढून नेत होता आणि मी त्यालाच कौशल्य म्हणत होतो. मला भीती वाटते. लिहून टाकलं. वहीबाई, कुणाला सांगू नका.

३ मार्च, सोमवार

कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. हीच घेऊन गेली, मी नाही म्हणायच्या आत रिक्षा थांबवली होती. काचेच्या खोलीत बसवलं, कानाला चकत्या लावल्या, हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. मी वाट बघत बसलो. मशीन सुरू करायला यांना फार वेळ लागतो बुवा, असं मनात आलं. मान वर केली तर काचेपलीकडे ही तोंडावर हात धरून उभी होती. तिला चकत्यांशिवाय ऐकू येत होतं. परीक्षा कधीच सुरू झाली होती.

बाई म्हणाल्या, खालचे सूर शाबूत आहेत, वरचे गेलेत. म्हणून बोलणं ऐकू येतं, पण अक्षरं कळत नाहीत. समोर तोंड दिसलं की तुम्ही ओठांवरून जुळवता, तुमचं तुम्हालाही कळत नाही. मी विचारलं, इंजिन? म्हणाल्या, धडधड ऐकू येईल. बारीक टकटक नाही.

दोन यंत्रं मिळणार आहेत, कानामागे लावायची. परत येताना हिने रिक्षात माझा हात धरला होता. मी बाहेर बघत होतो. माझ्या कानाचा अभिमान हिला माझ्यापेक्षा जास्त होता, हे मला माहीत आहे.

१३ मार्च, गुरुवार

काल यंत्रं आली. सकाळी ही अंघोळीला गेलेली असताना मीच लावून बघितली. आईशप्पथ! घर म्हणजे नुसता गोंगाट. नळ ठिबकतोय, पंखा करकरतोय, माझी चप्पल फटक फटक करते आणि मला कुणी सांगितलं नाही. चहाचा कप बशीत ठेवला तर दचकलो. वही उघडली तर पान वाजलं.

मग शेडमध्ये गेलो. धूड सुरू केलं.

 डबाभर खिळे हलवल्यासारखं वाजत होतं. हेच ते मऊ इंजिन, ज्याच्यासाठी मी डोळ्यांत पाणी आणलं. गल्लीतल्या सगळ्यांनी महिनाभर हे ऐकलं, आणि मी त्यांना हात हलवून दाखवत होतो. बंद केलं. इंजिनाचं झाकण उघडलं आणि दाढीची पट्टी शोधत बसलो. पट्टी त्याने परवा गुपचूप शेडच्या खिडकीत ठेवली होती.

ही दारात येऊन उभी राहिली. मी पाठमोरा, खाली वाकलेला. माझी टोपी कानांवर ओढलेली होती, म्हणून तिला यंत्रं दिसली नसावीत. आणि ती बोलली. हळू. रोज बोलत असणार तशी, उत्तराची वाट न बघता.

"नको ना जायला. मला फार भीती वाटते हो."

मी वाकलेलाच राहिलो.

"पण तुम्हाला कसं सांगू? कारखाना बंद झाला तेव्हा भिंतीकडे बघत बसायचात. जेवायचा नाहीत. हे धूड आलं आणि माणसात आलात. ते काढून घेतलं तर परत भिंतीकडे बसाल. त्यापेक्षा बसते मागे. जे व्हायचं ते दोघांचं होईल."

इतकं बोलून जायला वळली. म्हणजे दारात येऊन जे काही बोलायची ते हे होतं. आणि मी हो हो म्हणत होतो. प्रत्येक वेळी हो हो म्हणालो असेन.

मी म्हटलं, "नाही जायचं."

ती थांबली. मग मला ऐकू यावं म्हणून काढते तो मोठा आवाज काढून, अगदी कानीकपाळी, म्हणाली, "काय म्हणालात?"

मी टोपी काढली. कान दाखवले. म्हटलं, "धुडावरून नाही जायचं. बसने जाऊ समुद्रावर. तू भीती वाटते म्हणालीस. ऐकलं मी."

ती खाली बसली. तिथेच, उंबऱ्यावर, तेलकट फरशीवर. चेहरा चोरी पकडल्यासारखा झाला. विचारलं, कधीपासून ऐकू येतंय? म्हटलं, सकाळपासून. मग रडायला लागली, आणि रडता रडता बोलायला लागली. लेकीची नोकरी गेली त्या रात्री एकटीने काय विचार केला. पुलावर धावत आलेला माणूस गाडी थांबवा म्हणत होता. कारखान्यातून मी घरी यायचो तेव्हाही तिचं अर्धं बोलणं माझ्यापर्यंत पोचत नसे, तिला वाटायचं मला तिच्यात रस राहिला नाही. किती वर्षं असं वाटत होतं, ते तिने सांगितलं. मी पट्टी हातात धरून उभा होतो.

ती बोलत राहिली. मधे एकदा वाटलं, यंत्रं काढून खिशात टाकावीत. ऐकवत नव्हतं.

नाही काढली.